घाटापलीकडची भीती

बेळगावात गोवावेस आहे. वेस केव्हाच गेली, नाव राहिलं. इथून खानापूर, लोंढा, अनमोड करत रस्ता घाट उतरतो; चोर्ल्याकडून दुसरा. आता शनिवारी सकाळी निघालेली पोरं दुपारी समुद्रात डुंबत असतात. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मात्र घाटाखाली वेगळंच राज्य होतं. तिथली माणसं घरातसुद्धा हळू आवाजात बोलत, आणि बेळगावात येऊन चार दिवस झाले तरी त्यांचा आवाज काही केल्या चढत नसे.

शहापूरच्या आमच्या घरात या गोष्टी आज्जीकडून आल्या, निपाणीच्या आजोळी आजोबांकडून. आज्जीचं माहेर डिचोलीकडचं, लग्न होऊन ती बेळगावात आलेली. आजोबा निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत. दोघांपैकी कुणीही राजकारणातलं नव्हतं. म्हणूनच त्यांच्या सांगण्याला मी वजन देतो. हुकूमशाही म्हणजे काय हे त्यांना कुणी भाषणातून शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

आज्जीच्या पेटीत तिच्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका होती. पिवळट जाड कागद, वर गणपती, खाली कुलदेवतेचं नाव, मुहूर्त, आमंत्रितांना नेहमीची विनंती. कोपऱ्यात एक जांभळा शिक्का, अर्धा पुसलेला. लहानपणी मला तो छापखान्याचा वाटायचा. आज्जीनं एकदा सांगितलं, तो सरकारचा. गोव्यात छापायचं ते आधी सरकारला दाखवायचं. वर्तमानपत्र तर खरंच, पण लग्नपत्रिकासुद्धा. साहेबानं नमुन्याची प्रत वाचून तिच्यावर शिक्का मारला की मग छापखाना चालू. "गणपतीला बोलवायलाबी फिरंग्याची परवानगी लागायची बघ," ती म्हणे. ते सांगताना ती कधीही हसली नाही. मुहूर्त चार दिवसांवर आला तरी पत्रिका परत आली नव्हती. तिचे काका कचेरीच्या पायऱ्यांवर बसून होते, आणि पत्रिकेत कुठला शब्द साहेबाला खटकला असेल म्हणून घरातली सगळी माणसं नमुन्याची दुसरी प्रत पुन्हा पुन्हा वाचत होती. माणूस स्वतःच्या घरातल्या मंगलकार्याकडे सरकारच्या डोळ्यांनी बघायला लागतो, तेव्हा त्या सरकारचं निम्मं काम झालेलं असतं.

हे सरकार कुठलं? 1932 साली पोर्तुगालचा पंतप्रधान झालेल्या अंतोनियू सालाझारचं. पुढच्याच वर्षी त्यानं नवी राज्यघटना आणली आणि आपल्या राजवटीला नवराज्य म्हटलं. एकच मान्य पक्ष, वर्तमानपत्रांवर छपाईपूर्व तपासणी, कामगारांचे संप बंद. वसाहतींसाठी 1930चा वसाहत कायदा होताच. त्या कायद्यानं गोमंतकीयांना दुय्यम प्रजा ठरवलं. 1951 साली घटनेत बदल करून गोव्याला 'सागरापारचा प्रांत' असं नाव दिलं. नाव बदललं, तुरुंग तेच राहिले. या सगळ्या इमारतीचा खांब म्हणजे पोलिसांची एक खास शाखा. 1933 साली ती उभी राहिली आणि 1945 साली तिला 'पिडे' हे नाव मिळालं. म्हणायला ती परदेशी नागरिकांची आणि राज्यरक्षणाची पोलीस. प्रत्यक्षात कोण काय बोलतो, कोण कुणाकडे जातो, कुणाच्या पत्रात काय आहे, हे गोळा करणारं हेरखातं. न्यायाधीशापुढे उभं न करता माणसाला महिनोन्‌महिने डांबून ठेवण्याचा अधिकार तिला होता. झोपू न देणं, तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं करणं या तिच्या ठरलेल्या पद्धती. पुढे आफ्रिकेतल्या युद्धांत तिनं अंगोलात स्वतःची हत्यारी पथकंही उभी केली. पोलीस, हेर आणि सैनिक यांच्यामधल्या रेषा तिथे पुसल्या गेल्या.

गोव्यात ती रेषा त्याआधीच पुसली होती, कारण राजकीय गुन्ह्याचा खटला लष्करी न्यायाधिकरणापुढे चाले. 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्यानंतरच्या धरपकडीत गोमंतकीय नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायाधिकरणानं आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. लोहिया सप्टेंबरमध्ये पुन्हा निघाले, तेव्हा कुळे स्टेशनातच त्यांना पकडून आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हापशातले नावाजलेले शल्यविशारद. फेब्रुवारी 1954 मध्ये एका मेजवानीत वक्त्यानं गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हटलं. डॉक्टरांनी बसल्या जागेवरून निषेध नोंदवला. तेवढ्यावर अटक आणि पोर्तुगालला रवानगी. आज्जीच्या माहेरी ही बातमी पोचली तेव्हा लोकांना धसका बसला तो अटकेचा नव्हे. जेवणाच्या पंगतीत बोललेलं सरकारला इतक्या लवकर कळतं, याचा धसका. त्यानंतर पंगतीतलं बोलणं पावसापाण्यावर आलं.

बेळगाव या सगळ्याला लागून होतं. लोंढा तर आमच्याच जिल्ह्यातलं जंक्शन. गोव्यात सभा घेणं अशक्य, म्हणून 1946 साली गोव्याची नॅशनल काँग्रेस लोंढ्यात स्थापन झाली. घाट चढून आलेल्या कार्यकर्त्यांना बेळगावात खोली मिळे, जेवण मिळे, वर्तमानपत्रात जागा मिळे. बाबुराव ठाकुरांचं 'तरुण भारत' गोव्याच्या बाजूनं उभं होतं. आज्जीचं माहेर गोव्याकडचं म्हटल्यावर पाहुणे येणारच. त्यातला एक पाहुणा घरात सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याचं खरं नाव आज्जीला शेवटपर्यंत कळलं नाही. तो जेवायला बसताना पाठ भिंतीला लावून बसे, तोंड दाराकडे. बाहेर कुणाची चाहूल लागली की घास तसाच हातात राही. आज्जी म्हणायची, "अरे, हे बेळगाव आहे, इथं कोण येतंय?" त्यावर तो म्हणे, "वहिनी, तिथंही सगळे आमचेच होते."

पंचवीस-तीस वर्षांच्या त्या माणसाला गोळीची तितकी भीती नव्हती. त्याच्या गटातल्या कुणीतरी नावं दिली होती. कुणी, हे त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे लहानपणापासूनच्या प्रत्येक मित्राचा चेहरा तो मनात पुन्हा तपासत होता. खबऱ्या ठेवणाऱ्या राज्याला प्रत्येक घरात खबऱ्या ठेवावा लागत नाही. तो कुठेही असू शकतो एवढी शंका पेरली की पुरतं. मग माणसं स्वतःच एकमेकांपासून दूर सरकतात. पाहुणा महिनाभर राहून निघून गेला. तो पुढे कुठे गेला, हे घरात कुणीही मोठ्यानं विचारलं नाही. विचारायचं नाही एवढं बेळगावकरही शिकले होते.

1955 साली भीती आणि निर्धार दोन्ही टोकाला गेले. फेब्रुवारीत सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे बाळा राया मापारी कोठडीतल्या छळानं गेले. मे महिन्यापासून ना. ग. गोरे, सेनापती बापट, जगन्नाथराव जोशी, मधु लिमये अशा मंडळींच्या तुकड्या एकामागून एक गोव्यात शिरल्या. हातात झेंडा, दुसरं काही नाही. 15 ऑगस्टला हजारो सत्याग्रही निघाले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या आणि वीसहून जास्त माणसं मेली. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडला. मधु लिमयांना लष्करी न्यायाधिकरणानं बारा वर्षांची शिक्षा दिली. ऑक्टोबरात आझाद गोमंतक दलानं बेतीच्या पोलीस ठाण्यावर केलेल्या हल्ल्यात मोहन रानडे जखमी होऊन सापडले. हा मूळचा सांगलीचा तरुण गोव्यात मराठीचा मास्तर म्हणून राहिला होता. त्याला सव्वीस वर्षांची शिक्षा झाली.

त्या वर्षांतल्या गोष्टींत एक नाव फिरून फिरून यायचं: आजेंत मोंतेरो. कासिमिरो मोंतेरो गोव्यातच जन्मलेला. स्पेनच्या यादवीत फ्रँकोच्या बाजूनं लढून आलेला हा माणूस गोव्याच्या पोलिसांत पकडलेल्या सत्याग्रहींना मारझोड करण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. आज्जीच्या माहेरी रडणाऱ्या मुलाला बागुलबुवा सांगत नसत. मोंतेरो येईल म्हणत, आणि मुलाबरोबर सांगणारी बाईही गप्प होई.

निपाणीच्या आजोबांची गोष्ट व्यापाऱ्याची. सत्याग्रहाच्या गोळीबारानंतर भारतानं गोव्याची नाकेबंदी आवळली. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी गाडी थांबली. माल जाईना, मनिऑर्डर जाईना, माणूस परवान्याशिवाय जाईना. निपाणीचा तंबाखू घेणारी गोव्यातली गिऱ्हाइकं तुटली. बेळगावचा बटाटा आणि भाजी घाटाच्या वर अडकली. गोव्याच्या बाजारात हॉलंडहून बटाटा यायला लागला, हे आजोबांना कुणीतरी सांगितलं, आणि त्यांचा विश्वास बसेना. सरकारं भांडली की पहिला मार हातावर पोट असलेल्याला बसतो, हे ते दोन्ही बाजूंबद्दल म्हणत. चोरवाटांनी तंबाखू, बिडी, कापड उतरायचं आणि वर सोनं, घड्याळं यायची. त्या वाटांवरचे हमाल दोन्हीकडच्या पोलिसांना पैसे देत, आणि खाली पोलिसांना पैशाबरोबर बातमीही द्यावी लागे: वर कोण भेटलं, कुणाकडे मुक्काम होता, कुणी चिठ्ठी दिली. पोटासाठी ओझं वाहणारा गरीब माणूस असा नाइलाजानं हेर होऊन बसे. आजोबांनी अशा एका हमालाला कायमचं तोडलं होतं. पुढे म्हातारपणी त्यांना त्याची कणव यायची. "त्याला पोरं होती रे," ते म्हणत, "आणि पोलिसांना ते माहीत होतं."

आता या भीतीला दिलेलं एक उत्तर सांगतो. तेही आमच्याच रानातून गेलं. 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या जंगलातून एक नभोवाणी केंद्र सुरू झालं. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ही दोन तरुण माणसं एका ट्रकमध्ये प्रक्षेपक ठेवून पोर्तुगीज आणि कोकणीतून बोलत. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हललं. पावसाळ्यात तिथे जळवा, साप आणि दिवसदिवस न थांबणारा पाऊस. सहा वर्षं त्यांनी ते चालवलं. गोव्याच्या वर्तमानपत्रात जे छापता येत नव्हतं, ते या केंद्रावरून ऐकू येई: सत्याग्रहाचं काय झालं, जग पोर्तुगालला काय म्हणतं, आफ्रिकेत काय चाललंय. डिचोलीला आज्जीचे काका रेडिओवर घोंगडी टाकून, डोकं आत घालून ऐकत. शेजारीही तेच करत असावेत, असं त्यांना वाटे. पण कुणी कुणाला विचारलं नाही. 19 डिसेंबर 1961 रोजी याच दोघांनी भारतीय विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचं जाहीर केलं. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत.

डिसेंबर 1961 बेळगावच्या म्हाताऱ्यांना कालच्यासारखा आठवे. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला होता. मग बेळगावात आगगाड्या भरभरून फौज उतरू लागली. मेजर जनरल कँडेथ यांची 17 वी डिव्हिजन, ब्रिगेडियर सगतसिंगांची 50 वी पॅराशूट ब्रिगेड, सांबऱ्याला विमानं. आज्जी आणि गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या थापल्या, पोरांनी रस्त्याकडेला उभं राहून ट्रक मोजले. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. गल्लीतल्या शाळकरी पोरालाही फौज कुठे निघाली ते कळत होतं.

आणि इथेच त्या राज्याचं खरं रूप दिसतं. गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनाही आपल्यासमोर काय उभं आहे ते कळत होतं. गोवा लढून राखता येणार नाही, असा अहवाल पोर्तुगीज सेनाधिकारी कोश्ता गोमिश यांनी आधीच दिला होता, आणि तिथली फौज कमीही केली गेली होती. सालाझारला मात्र हे ऐकायचं नव्हतं. 14 डिसेंबरला त्यानं कळवलं की शरणागती होता कामा नये, सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील. ज्या सत्तेनं मेजवानीतला एक शब्द टिपला, लग्नपत्रिका वाचल्या, हमालाकडून चिठ्ठ्या काढून घेतल्या, तिला स्वतःच्या सेनाधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलेलं सत्य ऐकू आलं नाही. कारण तिचे सगळे कान प्रजेकडे लावलेले होते. हेरखात्याचं काम राज्याला सत्य कळवणं हे असतं. हुकूमशाहीत ते काम राज्यकर्त्याला आवडेल तेवढंच त्याच्या कानावर घालणं एवढंच उरतं. व्हासालो इ सिल्व्हा यांनी 19 डिसेंबरला संध्याकाळी शरणागती पत्करली आणि हजारो माणसांचे प्राण वाचवले. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. त्यांचा मान परत मिळायला 1974 उजाडावं लागलं.

गोवा सुटला, तरी ते खातं संपलं नाही. मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात राहिले, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. गायक-संगीतकार सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी रान उठवलं. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी पोपना गळ घातली. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. मोंतेरो पिडेत गेला. 1958 साली सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे जनरल उंबेर्तो देल्गादो यांना पिडेच्या माणसांनी विरोधी पक्षाचे कार्यकर्ते असल्याचं भासवून स्पेनच्या सरहद्दीवर बोलावलं. 13 फेब्रुवारी 1965 रोजी देल्गादो आणि त्यांच्या सचिव यांचा तिथे खून झाला. गोळ्या झाडणारा मोंतेरो. गोव्याच्या कोठड्यांत ज्या माणसानं आपल्याला मारलं, त्यानंच पुढे पोर्तुगालचा एक जनरल मारला. जुलमासाठी पाळलेला माणूस घाटाखालीच थांबत नाही. 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालची जनता आणि तिचेच तरुण सैनिकी अधिकारी उठले. त्या दिवशी त्या खात्याच्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चारजण मेले. आज त्याची दप्तरं लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि आपल्यावर कोणी काय लिहून दिलं होतं हे लोकांना तिथे वाचता येतं.

आम्ही सरहद्दीवरची माणसं. आमच्याही तक्रारी काही थोड्या नाहीत. 1956 साली बेळगाव-निपाणीचा मुलूख आमच्या मनाविरुद्ध म्हैसूर राज्यात गेला. त्यावर मोर्चे झाले, लाठ्या बसल्या, माणसं तुरुंगात गेली. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर निपाणीत गोळीबार झाला, माणसं मेली. आजोबा तेव्हा हयात होते. ते म्हणाले, हे पाप आहे, आणि दुसऱ्या वाक्यात म्हणाले, पण उद्याच्या पेपरात येईल. आलंही. आम्ही ओरडू शकलो, मत देऊ शकलो, कोर्टात जाऊ शकलो. घाटाखालच्या माणसाला यातलं एकही दार उघडं नव्हतं. अन्याय दोन्हीकडे झाला असेल, पण अन्यायाबद्दल बोलता येणं हा फरक लहान नाही.

तो फरक आपोआप टिकत नाही, हेही आपण पाहिलं आहे. मधु लिमये 1957 साली पोर्तुगीजांच्या तुरुंगातून सुटून मायदेशी आले, आणि जुलै 1975 मध्ये, आणीबाणीत, स्वतंत्र भारताच्या सरकारनं त्यांना मिसा कायद्याखाली पुन्हा, या वेळी खटल्याशिवाय, आत टाकलं. गोव्याच्या सत्याग्रहातले मधु दंडवतेही त्याच आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. 1976 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की अशा अटकेविरुद्ध आणीबाणीत दाद मागता येणार नाही. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांत संपली, कारण मतपेटी पुन्हा उघडली. सालाझारशाही संपायला चार दशकांहून जास्त काळ लागला.

देशाला गुप्तहेर लागतात. सरहद्दीवर राहणाऱ्याला ते कुणी समजावून सांगायला नको. पण आपल्या इंटेलिजन्स ब्युरोसाठी आणि 'रॉ'साठी संसदेनं अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही. त्यांच्या कारभारावर संसदेची स्वतःची देखरेख समिती नाही. हेरखात्यानं कुणावर नजर ठेवायची, कुणाच्या हुकमावरून आणि ते चुकलं तर त्याला जाब कोण विचारणार, हे लेखी असायला हवं. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, मग तो आपल्या आवडीचा असो वा नसो, हा प्रश्न विचारा. आणि घरात गोव्याकडच्या त्या दिवसांचं सांगणारं कुणी अजून असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.